पनामा हॅटच्या मुळाशी : क्वेंका, सिगसिग आणि मोंतेक्रिस्ती

पनामा हॅट म्हणून जग जी ओळखतं, ती विणली जाते इक्वेडोरमध्ये, तोकिया नावाच्या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या कोवळ्या पानांपासून. २०१२ साली युनेस्कोने या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मला हॅट घ्यायची होतीच, पण त्याआधी ती कशी होते ते डोळ्यांनी बघायचं होतं.

ग्वायाकिल या बंदराच्या शहरातून काहासचा डोंगरघाट चढून क्वेंका या शहराला बसने साधारण चार तास लागतात. शहर अडीच हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिला दिवस निवांत ठेवा. इथल्या कारखान्यांत खेड्यांतून आलेल्या हॅट धुतात, गंधकाच्या धुरीने उजळवतात, साच्यावर दाबून आकार देतात. बघण्यासारखं आहे, पण खरं विणकाम खेड्यांत चालतं. म्हणून सिगसिगची बस पकडाच; वाटेत ग्वालासेओ आणि चोर्देलेग ही गावंही लागतात.

सिगसिगला एक आजी गप्पा मारता मारता विणत होत्या. नजर आमच्याकडे, बोटं आपली चालूच. मधूनच बोटांची टोकं पाण्यात बुडवायच्या, कारण तोकियाच्या पानाची काडी कोरडी पडली की तुटते. वीण माथ्याच्या मधोमध सुरू होते आणि काड्या वाढवत वाढवत गोल पसरते. साधी हॅट एका दिवसात होते, अतिशय बारीक विणीच्या हॅटला आठ महिनेही लागतात. हे बघितल्यावर घासाघीस करायला माझी जीभ रेटेना. तुम्हीही विणणाऱ्याकडूनच घ्या आणि किमतीवरून फार ताणू नका.

सर्वात बारीक वीण किनाऱ्याकडच्या मोंतेक्रिस्तीची. तिथे विणकर लाकडी ठोकळ्यावर छाती टेकवून, ओणवे होऊन विणतात. पाठीचं काय होत असेल! उन्हात काडी सुकते, म्हणून काम पहाटे किंवा संध्याकाळी. दुपारी गेलात तर नुसती दुकानं दिसतील. मांता या बंदराच्या शहरापासून गाव जवळ आहे. मात्र किनारी भागात जाण्याआधी सुरक्षेची ताजी माहिती घ्या आणि अंधार पडल्यावरचा प्रवास टाळा.

घेताना हॅट उजेडासमोर धरून आतून बघा. माथ्यापासून निघालेली वर्तुळं जितकी दाट आणि एकसारखी, तितकी वीण बारीक. वेणीची पट्टी गोल गोल शिवलेली दिसली तर ती हाताने अखंड विणलेली नव्हे. चांगल्या हॅटची कड उलटी विणून बंद केलेली असते, कापून शिवलेली नसते.

व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये होतो. सुट्ट्या, छोट्या नोटा ठेवा. पन्नास-शंभरची नोट खेड्यात कोणी घेत नाही.

दुकानदार हॅट गुंडाळून दाखवतात खरं, पण वारंवार गुंडाळलीत तर घडीवर काडी चिरते. विमानात डोक्यावरच घाला. माथ्याला चिमटीत न धरता कडेने उचला, आणि फार कोरड्या हवेत ठेवावी लागली तर जवळ थोडा ओलावा असू द्या.