झील

भांडी घासताना मी गुणगुणतो. परवा बायको दारात उभी राहून म्हणाली, "हे कुठलं रे? काहीतरी अर्धवट वाटतंय." कढई हातात धरून मीही जरा थांबलो. गाणं 'लव्ह हर्ट्स' होतं, ग्रॅम पार्सन्स या अमेरिकी गायकानं गायलेलं. पण मी म्हणत होतो ती त्याची चाल नव्हतीच. त्याला लागून वरच्या अंगानं जाते ती, त्याच्यासोबत गाणाऱ्या एमिलू हॅरिसची. वीस वर्षं स्वतःला पार्सन्सचा चाहता म्हणवतोय आणि तोंडात बसलीय झील!

आपल्याकडे शाहिराची ओळ संपली की झिलकरी 'जी जी' करत ती उचलून धरतात. इथे तसं नाही. दोघं एकाच वेळी तेच शब्द म्हणतात, सूर तेवढे वेगळे. कोण पुढे, कोण मागे, कळू नये इतके जवळ.

तसा हा पार्सन्स कुणाच्या मागे राहणारा नव्हे. जन्म १९४६चा, फ्लोरिडातला. आजोळ संत्र्यांच्या बागांवर गब्बर झालेलं. बारा वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली, शाळा संपली त्याच दिवशी आई गेली. हार्वर्डमध्ये कसाबसा काही महिने टिकला. १९६८ मध्ये 'द बर्ड्स' या रॉक बँडमध्ये शिरला आणि त्यांना थेट नॅशव्हिलला, कंट्रीच्या म्हणजे तिकडच्या गावरान गाण्याच्या पंढरीत घेऊन गेला. तिथल्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर हे केसाळ पोरगे पाहून लोकांनी हुर्यो उडवली. त्यात निवेदकानं मर्ल हॅगार्ड या कंट्री गायकाचं गाणं जाहीर केलेलं असताना ग्रॅमनं ऐन वेळी, रेडिओवर थेट प्रक्षेपण चालू असताना, आजीसाठी म्हणून स्वतःचंच 'हिकरी विंड' सुरू केलं. आयोजक खवळले. मला विचाराल तर त्याची सगळी कारकीर्द त्या चार मिनिटांत आहे: परंपरेच्या पायाही पडायचं आणि तिचं ऐकायचंही नाही.

आपल्या गाण्याला कंट्री-रॉक म्हटलेलं त्याला खपत नसे. तो 'कॉस्मिक अमेरिकन म्युझिक' म्हणायचा. कपडेही तसेच. पांढरा सूट, पाठीवर क्रूस आणि पुढे भरतकामात अफूची फुलं, गांजाची पानं, गोळ्या. आजीनं गोधडीवर मोर काढावेत तितक्या निगुतीनं!

सप्टेंबर १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री गावच्या मोटेलात मॉर्फिन आणि दारूनं तो गेला. वय २६. त्याचं शव पळवून वाळवंटात जाळल्याची कथा सगळे चवीनं सांगतात. मला ती आता पुरे झाली. मला जास्त नवल वाटतं ते एमिलूचं. तिच्यासोबतचा दुसरा अल्बम तो गेल्यावर, १९७४च्या जानेवारीत आला. विक्री बेताचीच. पण ती त्याची गाणी पुढे कित्येक वर्षं, गावोगाव गात राहिली. त्याच्यासोबत वाजवणारे काही वादकही तिच्याकडे आले. कंट्रीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये २००८ साली तिला जागा मिळाली. ग्रॅमचा तो सूट त्याच इमारतीतल्या संग्रहालयात मांडला गेला. सुटाच्या मालकाला मात्र तो मान काही मिळाला नाही.

"बरं, मग मूळ चाल म्हण की," बायको म्हणाली.

घसा खाकरून सुरू केली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीला मी परत वर सरकलो होतो.

"कढई राहिलीय," ती म्हणाली.