बारा वर्षांचा कायदा आणि बावीस वर्षांची सावली

परवा पत्र आलं. माझा संशोधकाचा करार मार्चमध्ये संपतोय, पुढचा मिळालाच तर दोन वर्षांचा. पत्र अतिशय नम्र. इथे जर्मनीत वाईट बातमीही नमस्कार-चमत्कार करूनच येते.

इथला २००७ चा कायदा असा: संशोधकाला मुदतीच्या करारावर पीएचडीआधी ६ वर्षं आणि नंतर ६ वर्षं ठेवता येतं. मग कायमची जागा पटकवा, एखाद्या प्रकल्पाच्या पैशावर तग धरा, नाहीतर गाशा गुंडाळा. आम्हाला वर्षानुवर्षं लटकत ठेवू नये म्हणून हा कायदा म्हणे! मूल असेल तर प्रत्येकामागे २ वर्षं वाढवून मिळू शकतात, हे आईला सांगायची चूक मी केली. तेव्हापासून तिला जर्मन कायदा फार शहाणा वाटतो.

आता कृष्णविवराचं वेळापत्रक बघा. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या विवराची सावली (भोवतीच्या उजेडात दिसणारा काळा गोल) पृथ्वीवरून टिपता येईल, हे खगोलशास्त्रज्ञ हायनो फाल्के आणि सहकाऱ्यांनी २००० साली लिहिलं. प्रत्यक्ष निरीक्षणं एप्रिल २०१७ ला. त्यातही दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या नोंदींच्या हार्ड डिस्क तिथला हिवाळा सरून विमानं सुरू होईपर्यंत तिथेच अडकून पडल्या. एम८७ या दुसऱ्या दीर्घिकेतल्या विवराचं चित्र १० एप्रिल २०१९ ला आलं, आणि मूळ लेख ज्याच्यावर होता त्याचं १२ मे २०२२ ला. म्हणजे बावीस वर्षं. माझ्या हिशेबात अकरा करार.

तरी शनिवारी एफेल्सबर्गला गेलो की राग विरघळतो. दरीत बसलेली १०० मीटर व्यासाची, ३,२०० टनांची रेडिओ दुर्बीण मान वळवते, तेव्हा काही सुचत नाही. १९७२ पासून ती कामाला आहे. तिला कोणी करार दिला नाही.

तिथेच एका सहकाऱ्याला मोबाइलवर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा, जीएमआरटीचा, फोटो दाखवला. "ही तर जाळी आहे!" तो म्हणाला. झालं. मी अर्धा तास बोललो. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळीची भोकं दिसतच नाहीत, म्हणून ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी तारा ताणून त्यावर जाळी बसवली, आणि ४५ मीटरच्या ३० अँटेना कमी खर्चात उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये २.३ कोटी प्रकाशवर्षं लांबीचे झोत सापडले, ते युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीला दिसले खरे, पण ते नेमक्या कुठल्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराजवळून निघालेत हे शोधायला आपली जीएमआरटीच कामी आली! (हे मी त्याला याआधीही दोनदा सांगितलंय.)

"मग तू तिथे का नाहीस?"

माझं काम ३ मिलिमीटरच्या लहरींवर, खोडद त्यासाठी नाही, असं मी सांगितलं. खरंच आहे ते. जरा घाईने सांगितलं, एवढंच.

त्याने मान डोलावली. मग विचारलं, "तिकडे जागा कायमच्या असतात का?"

मी कॉफी आणायला उठलो.