लॅट-लाँग दिले, पत्ता आला, पण भिंतीपलीकडचा

मागच्या आठवड्यात दोन रात्री एकाच गोष्टीत गेल्या. फील्डवरची माणसं मोबाईलवरून फोटो पाठवतात, त्याबरोबर लोकेशन येतं, म्हणजे लॅट-लाँग (अक्षांश-रेखांश), त्यावरून पत्ता काढून रिपोर्टमध्ये छापायचा, एवढंच काम. लॅट-लाँग दिले की पत्ता देणाऱ्या ऑनलाइन सर्व्हिसला प्रोग्राममधून विचारायला लागलो (याला रिव्हर्स जिओकोडिंग म्हणतात), पत्ता यायला लागला, आणि मग रिपोर्ट हातात घेऊन गेलेला एक जण भलत्याच रस्त्यावर जाऊन उभा राहिला. फोटो काढला होता इमारतीच्या मागच्या अंगाने, आणि तिथून सगळ्यात जवळचा रस्ता होता कंपाउंडच्या पलीकडचा.

सर्व्हिसचं यात काही चुकलं नव्हतं. या बिंदूच्या सगळ्यात जवळ तुझ्याकडे काय नोंदलंय, एवढंच आपण तिला विचारतो, भिंत, गेट, डोक्यावरचा पूल या गोष्टी ते अंतर मोजताना मध्ये येतच नाहीत. त्यात मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण ५ मीटर इकडेतिकडे असतं, उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो तेव्हा त्याहून कितीतरी जास्त, आणि दोन गल्ल्यांमध्ये अंतर तरी असतं किती! घर नंबरचं तर आणखी वेगळं, काही सर्व्हिस रस्त्याच्या दोन टोकांचे नंबर घेऊन मधले नुसते हिशोबाने काढतात, म्हणजे त्या नंबरचं घर तिथे असेलच असं नाही. गूगलच्या उत्तरात अशा पत्त्यावर रेंज इंटरपोलेटेड अशी खूण असते, ती वाचायलाच हवी, मी वाचत नव्हतो.

दुसरा घोळ कॅशेचा होता, म्हणजे एकदा आलेली उत्तरं पुन्हा वापरायला साठवून ठेवतो त्याचा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून पत्ता काढून देणाऱ्या नॉमिनॅटिमच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला जास्तीत जास्त १ रिक्वेस्ट चालते, आणि ते बरोबरच आहे, तो सगळ्यांचा सर्व्हर आहे. म्हणून मी लॅट-लाँग ३ दशांश स्थळांपर्यंत राउंड करून तीच कॅशेची की, म्हणजे साठवलेलं उत्तर शोधायची खूण, ठेवली होती. पण अक्षांशाचा १ अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, म्हणजे ०.००१ अंश झाले १११ मीटर, तेवढ्या पट्ट्यातल्या सगळ्यांना पहिल्या माणसाचाच पत्ता जात होता. आता ५ स्थळं ठेवलीत, साधारण १ मीटर. कॅशे हिट, म्हणजे साठवलेलं उत्तर कामी येण्याचे प्रसंग, कमी झाले, होऊ देत.

खरा फरक पडला तो अॅक्युरसीमुळे. अँड्रॉइड लोकेशनबरोबर मीटरमध्ये एक त्रिज्या देतं, आणि खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के असते, म्हणजे तीनातला एक बाहेर! हा आकडा मी सरळ टाकून देत होतो. आता त्रिज्या २० मीटरच्या वर गेली की नॉमिनॅटिमला झूम १८ ऐवजी १७ देतो, म्हणजे इमारतीऐवजी रस्त्यापर्यंतच उत्तर येतं, आणि त्याहून वाईट असेल तर फक्त एरियाचं नाव.

फोटोखाली आता पत्ता, त्याखाली मूळ लॅट-लाँग आणि बाजूला त्रिज्या, असं तिन्ही छापतोय. काल एका फोटोखाली नुसतं एरियाचं नाव आणि ४० मीटर आलं, तर गेलेल्या माणसाने आधी फोन करून विचारलं, गेट कुठल्या बाजूला आहे.