आवाज वाढला, गाडी तीच

महिनाभर डोक्यात बसलेला नवा सायलेन्सर आज एकदाचा बाइकला बसला. स्टार्टर दाबला आणि छाती भरून आली. सामानाच्या पेट्यांसकट नेहमीच्या चढावर नेली, तर गाडी होती तशीच! वजन थोडं उतरलं, तेवढीच कमाई.

मेकॅनिक हसला. काही न बोलता एअर फिल्टर काढून माझ्या हातात दिला. मागच्या अख्ख्या टूरची धूळ त्यात. गाडीचा श्वास मीच कोंडला होता आणि ताकद शोधत होतो सायलेन्सरमध्ये. लाज वाटली, खरंच.

फिल्टर बदलला. मग त्याने पुढचं १५ दातांचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) काढून १४ दातांचं लावलं. याने इंजिनची ताकद तसूभर वाढत नाही, पण मागच्या चाकाला प्रत्येक गिअरमध्ये साधारण ७ टक्के जास्त ओढ मिळते. परत त्याच चढावर गेलो, तर तिसऱ्यातून दुसऱ्यात यावंच लागलं नाही! बदल्यात हायवेला त्याच वेगाला ५००० ऐवजी साधारण ५३५० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे). चालेल. माझी मजा चढावर आणि कच्च्या रस्त्यावरच असते.

ईसीयू रिमॅपचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलण्याचा किडाही वळवळतोय, पण तो तूर्त दाबून ठेवलाय.

जुना सायलेन्सर मात्र टाकलेला नाही. पहाटे चारला निघायचं असलं की शेजाऱ्यांसाठी तोच बरा.