निक्को एदोमुरा: दिवस कसा प्लॅन करायचा, काय चुकवायचं नाही

टोकियोत राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांच्या यादीत निक्को असतंच, पण बहुतेक जण तोशोगू मंदिर, केगोन धबधबा आणि परत असं करतात आणि तिथून जवळच असलेलं एदोमुरा राहून जातं. आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलो होतो, मी, नवरा, लेक आणि पुण्याहून आलेले आई-बाबा, आणि घरी आल्यावर ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी परत परत तेच प्रश्न विचारले म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

आधी हे काय आहे ते. १९८६ साली सुरू झालेलं पार्क आहे, तोचिगी प्रांतात, किनुगावा ओन्सेनच्या (ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे) जवळ डोंगरात. एदो काळातलं, म्हणजे १६०३ ते १८६८ मधलं, अख्खं गाव उभं केलंय (एदो हे टोकियोचं जुनं नाव). रोलर कोस्टर वगैरे काही नाही. रस्ते, दुकानं, सामुराईंचे वाडे, निन्जांची वस्ती, न्यायालय, तुरुंग, आणि त्यात वावरणारी त्या काळच्या कपड्यातली माणसं. राइड्सच्या अपेक्षेने जाल तर दोन तासात कंटाळाल, आणि गावात राहायला आलोय असं समजून गेलात तर दिवस पुरणार नाही. माझं सगळं सांगणं खरं तर एवढंच आहे, बाकी ते कसं जमवायचं त्याच्या टिप्स.

जायचं कसं: आसाकुसाहून तोबू रेल्वेची लिमिटेड एक्सप्रेस पकडायची, किनुगावा-ओन्सेन स्टेशनपर्यंत साधारण दोन तास. सीट रिझर्व्ह असते, सुट्टीच्या दिवशी आधीच बुक करा. काही गाड्या निक्कोला जातात, तेव्हा शिमो-इमाइचीला बदलावं लागतं. स्टेशनबाहेरून एदोमुराची बस मिळते, पंधरा-वीस मिनिटं. शिंजुकूहूनही थेट गाडी आहे, पण ती थोडा भाग जेआरच्या (जपान रेल्वेच्या) आणि थोडा तोबूच्या रुळांवरून जाते त्यामुळे आख्ख्या जपानचा जेआर पास असला तरी तोबूच्या भागाचे पैसे वेगळे पडतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणाऱ्यांना सोपं म्हणजे तोझाई लाइनने निहोनबाशीला उतरून आसाकुसाकडे जाणारी मेट्रो घ्यायची. आणि गंमत बघा, एदो काळात निक्कोला जाणारा जुना हमरस्ता याच निहोनबाशीच्या पुलापासून सुरू व्हायचा! बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले मग आपण बरोब्बर जुन्याच वाटेने चाललोय.

बुधवारी पार्क बंद असतं (सरकारी सुट्टी आली तर सोडून) आणि डिसेंबरमध्ये देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आधी वेबसाइटवर कॅलेंडर बघाच. उन्हाळ्याच्या बाजूला ९ ते ५, हिवाळ्यात साडेनऊ ते ४. तिकीट स्वस्त नाही, मोठ्यांना साधारण साडेपाच-सहा हजार येनच्या घरात, मुलांना त्याच्या निम्म्याच्या आसपास. दुपारनंतर गेलं तर थोडं कमी पडतं पण तसं करू नका, पैसे वाचतील आणि निम्मे शो जातील. तिकिटात सगळे शो येतात. शुरिकेन (निन्जांची फेकायची धारदार चांदणी) फेकणं, धनुष्यबाण, कपडे भाड्याने घेणं याचे पैसे वेगळे, आणि सुट्टी नाणी जवळ ठेवा, का ते पुढे सांगते.

आत शिरताना एक जकातनाक्यासारखं गेट लागतं, सेकिशो. त्या काळी हमरस्त्यांवर अशी नाकी असायची, आणि एदोकडे येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका या दोन गोष्टींवर सगळ्यात कडक नजर असायची. कारण शोगुनने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याने, १६३५ पासून दाइम्योंना, म्हणजे सरदारांना, आळीपाळीने एदोत येऊन राहायला लावलं होतं आणि त्यांच्या बायकामुलांना तर कायमचं एदोतच ठेवून घेतलं होतं, एक प्रकारे ओलीसच, त्यामुळे एखाद्या सरदाराची बायको गुपचूप निघाली म्हणजे बंडाची तयारी असा अर्थ. हे वाचून गेलात तर त्या गेटमधून जाताना नुसता फोटो पॉइंट वाटत नाही.

गेट ओलांडलं की आधी कपड्यांचं दुकान गाठा. हे माझं ठाम मत आहे. काही हजार येन जातात, कपड्यावर अवलंबून, पण दिवसच बदलतो. निन्जा, सामुराई, व्यापाऱ्याची मुलगी, राजकन्या, बरंच काही आहे. लेक निन्जा झाली, आईने आधी नको नको केलं आणि मग साधा सुती किमोनो निवडला, आणि गावातले कलाकार आईशी जे अदबीने बोलायला लागले, वाकून नमस्कार काय, वाट काय करून देतात, आईला जपानीचा एक शब्द येत नाही पण तासाभरात ती पण वाकून उत्तरं द्यायला लागली. तिथले लोक तुमचा वेष बघून तुमच्याशी तसं वागतात, लहान निन्जा दिसला की सामुराई तलवारीवर हात ठेवून थबकतात वगैरे, आणि दिवसभर कोणी भूमिका सोडत नाही, अगदी झाडू मारणारा माणूस पण त्या काळातलाच. या लोकांची मेहनत बघून मला खरंच भरून आलं. सकाळी उशीर केला तर तिथे रांग लागते आणि मापाचे कपडेही संपतात, म्हणून पहिलं काम हेच.

मग शोचं वेळापत्रक हातात घ्या (इंग्रजीत मिळतं) आणि दिवस त्याभोवती बांधा. सगळे शो जपानीत असतात. निन्जांचा शो जपानी न येणाऱ्यांसाठी सगळ्यात बेस्ट, बोलणं कमी आणि तलवारबाजी, धूर, उड्या, अंधार जास्त. अगदी लहान मुलं घाबरू शकतात, मागच्या बाजूला बसा. पाण्याच्या जादूचा शोही भाषेशिवाय कळतो. न्यायालयाचं विनोदी नाटक मात्र सगळं संवादांवर आहे, जपानी येत नसेल तर तो वेळ दुसरीकडे द्या. शो चालू असताना फोटो-व्हिडिओ काढू देत नाहीत. शो सुरू व्हायच्या आधी हातात एक कागदाचा तुकडा देतात, तो फेकून देऊ नका, त्यात नाणी गुंडाळून पुरचुंडी करायची आणि शेवटी स्टेजवर टाकायची, जुन्या नाटकवाल्यांना बिदागी द्यायची हीच पद्धत होती. सुट्ट्या नाण्यांचं म्हणत होते ते यासाठी.

ओइरानचा, म्हणजे त्या काळच्या वरच्या दर्जाच्या गणिकेचा, शो आणि मिरवणूक दिसायला फार सुंदर आहे, उंच लाकडी चपला, डोक्यात कितीतरी पिना, पाय अर्धवर्तुळात फिरवत चालणं. प्रेक्षकांतल्या एकाला श्रीमंत गिऱ्हाईक म्हणून स्टेजवर घेतात, लोक खूप हसतात. मला ते बघताना आतून बरं वाटलं नाही, कारण योशिवारा या एदोतल्या वेश्यावस्तीतल्या या बायका बहुतेक गरीब घरातून लहानपणीच कर्जापोटी आणलेल्या असायच्या आणि ते सुटणं फार थोड्यांच्या नशिबात होतं. बघा जरूर, कलाकारांचं कौशल्य मोठं आहे, पण बरोबर मोठी मुलं असतील तर हे पण त्यांना सांगा असं मला वाटतं.

बहुतेक लोक शोच्या मागे धावतात आणि गाव राहतं. आमच्या बाबांना मात्र गावच जास्त आवडलं. आगीवर नजर ठेवायचा उंच लाकडी मनोरा आहे तिथे ते बराच वेळ उभे होते. एदो शहर लाकूड आणि कागदाचं, १६५७ च्या मोठ्या आगीत शहराचा बहुतेक भाग जळला आणि एक लाखाच्या आसपास माणसं गेली असं मानतात. पुढे १८व्या शतकात लोकवस्ती दहा लाखांवर गेली, आणि १७२० च्या सुमारास नागरिकांची अग्निशमन पथकं उभी राहिली. पाण्याने एवढी आग विझणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ही माणसं वाऱ्याच्या दिशेतली घरं आकड्यांनी ओढून पाडायची, म्हणजे पुढे जळायला काही उरायचं नाही. आणि साधी माणसं राहायची ती नागाया म्हणजे आपल्या चाळीच, साधारण ९ बाय १२ फुटांची खोली, त्यातच चूल आणि माती तुडवलेली जागा, संडास सामायिक, विहीर सामायिक. विहीर दिसायला विहीर पण पाणी मात्र दुरून, १६५३ साली तामा नदीपासून ४३ किमीचा कालवा काढून एदोत आणलेलं आणि तिथून लाकडी नळांनी खेळवलेलं. संडासातला मैला शेतकरी खतासाठी विकत न्यायचे आणि त्याचे पैसे घरमालकाला! बाबा लगेच तारखा जुळवायला लागले, की महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा म्हणजे हा कालवा तेव्हा वीस वर्षांचा झालेला, आणि पेशवाई संपली १८१८ ला तरी इथे शोगुन अजून पन्नास वर्षं. तुमच्या घरी इतिहासप्रेमी ज्येष्ठ असतील तर त्यांना इथे घेऊन याच.

किरा नावाच्या शोगुनच्या अधिकाऱ्याच्या वाड्यात ४७ रोनिनांच्या (धनी नसलेल्या सामुराईंच्या) हल्ल्याचा प्रसंग पुतळ्यांनी उभा केलाय. गोष्ट थोडक्यात वाचून जा: १७०१ साली आसानो नावाच्या सरदाराने किल्ल्यात किरावर तलवार उपसली, त्याला त्याच दिवशी सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरायची, शिक्षा झाली, आणि त्याच्या निराधार झालेल्या सामुराईंनी पुढे बर्फाच्या दिवसात वाड्यात घुसून किराला मारलं, त्यांनाही मग सेप्पुकूच. गोष्ट माहीत नसेल तर तिथे नुसत्या बाहुल्या दिसतात. तुरुंगाच्या संग्रहालयात मात्र छळाचे प्रसंग आहेत, लहान मुलांना नेऊ नका. मुलांसाठी निन्जांचं तिरकं घर आहे, जमीन अशी कललेली की डोकं गरगरतं, ज्यांना चक्कर येते किंवा गुडघे दुखतात त्यांनी बाहेरच थांबावं, आई बाहेरच बसली. आणि शेंडीवालं पांढरं मांजर, न्यानमागे, म्हणजे पार्कचा मॅस्कॉट, दिसलं की मुलांना मिठी मारू द्या, ते तिथलं लाडकं आहे.

खाण्याचं: शाकाहारींनी तयारीने जा. सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्सच्या) दुकानांत वास छान येतो पण रश्शात आणि बुडवायच्या सॉसमध्ये सुक्या माशाचा अर्क असतो, भाजी-सोबा म्हटलं तरी असतो. आम्ही आदल्या रात्री दशम्या केल्या होत्या, शिवाय स्टेशनवरून उमेबोशीचे ओनिगिरी (आंबट खारवलेलं फळ भरलेले भाताचे गोळे) घेतले. मासे खाणाऱ्यांना काहीच अडचण नाही.

शूज चांगले घाला, रस्ते मातीचे आणि खडीचे आहेत, बाबागाडी ढकलायला जड जाते. डोंगर असल्याने टोकियोपेक्षा गार असतं, नोव्हेंबरात पानांचे रंग अप्रतिम पण चारनंतर स्वेटर लागतोच. हिवाळ्यात बर्फ पडू शकतो. टोकियोच्या बाजूला येणार नसाल तर अशी ठिकाणं दुसरीकडेही आहेत, क्योतोत तोएइचं चित्रपट गाव, होक्काइदोत नोबोरिबेत्सूला दाते जिदाइमुरा.

एकाच दिवसात तोशोगू आणि एदोमुरा दोन्ही करू नका, कृपा करून. तोशोगू म्हणजे पहिला तोकुगावा शोगुन इएयासूची समाधी, ते अर्ध्या दिवसाचं काम नाही. किनुगावाला एक रात्र राहा, गरम पाण्याचे झरे आहेत, दुसऱ्या दिवशी सकाळी निक्को. राहणार नसाल तर परतीची सीट सकाळीच बुक करून ठेवा, रविवारी संध्याकाळच्या गाड्या भरतात, आणि शेवटच्या बसची वेळ पार्कच्या गेटवरच बघून घ्या. स्टेशनसमोर पाय बुडवून बसायचं गरम पाण्याचं कुंड आहे, फुकट, छोटा टॉवेल मात्र आपला न्या. शेजारीच वाफेचं इंजिन वळवायची फिरती चकती आहे, ताइजू ही वाफेच्या इंजिनाची गाडी धावत असेल त्या दिवशी मुलांना ते नक्की दाखवा, वेळा स्टेशनवर लावलेल्या असतात.