ते खेळणं नव्हे, हे पटवायला लागले ३७ दिवस

माझं लाकडी जहाज, म्हणजे खऱ्या जहाजाची टेबलावर मावणारी प्रतिकृती, बांधून होत आलं आहे. १४ महिने झाले. पण कुणी विचारलं की मी सुरुवात करतो ती त्याआधीच्या ३७ दिवसांपासून. तेव्हा मी जहाजाला हातसुद्धा लावलेला नव्हता, कारण ते कस्टममध्ये पडून होतं.

स्पेनमधून संच मागवला होता. अठराव्या शतकातलं इंग्रजी कटर म्हणजे छोटं वेगवान जहाज, एकच डोलकाठी, प्रमाण १:५०. पहिलंच जहाज असेल तर एक डोलकाठीचंच घ्या. तीन डोलकाठ्या आणि शंभर तोफांचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि मग अर्धा सांगाडा माळ्यावर जातो.

जून २०२३ मध्ये पार्सल भारतात आलं आणि थांबलं. आठवड्याने पत्र आलं: आधार कार्डाची प्रत, बिल आणि बीआयएसचं, म्हणजे आयएसआय मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र आणा. लाकडाच्या पट्ट्यांना कसलं आयएसआय? अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो.

खिडकीतला मुलगा सभ्य होता, हे आधीच सांगतो. चिडायला तो कारण द्यायचा नाही, म्हणून जास्त चिडचीड व्हायची. तो म्हणाला, "काका, हे खेळण्यात येतं. ९५०३."

घरी येऊन वाचलं तर त्याचं अर्धं बरोबर होतं. कस्टमच्या ९५०३ क्रमांकाखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी आणि लहान प्रमाणातल्या प्रतिकृती एकाच ओळीत बसवलेल्या आहेत. त्याची ड्युटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. स्वस्त आणि घातक खेळणी रोखायला केलेला नियम, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच आदेशात खेळण्याची व्याख्या आहे: १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली वस्तू. माझ्या खोक्यावर १४+ छापलेलं होतं. मी ५६ वर्षांचा आहे.

दुसऱ्या खेपेला ही व्याख्या छापून नेली. "पत्र द्या," तो म्हणाला. तिथेच बाकावर बसून दीड पान लिहिलं. त्यात ट्रिंकोमालीसुद्धा घातली. ही युद्धनौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधली, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. प्रतिकृती बांधणं हा पोरखेळ नाही, असा मुद्दा होता. त्याने पत्र वाचलं, खरंच वाचलं, आणि म्हणाला, "मग तीच मागवायची ना काका. इथलीच आहे म्हणता, तर ड्युटी नसती लागली."

आतल्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "पाण्यावर चालते का?"

"नाही."

"मग उपयोग काय?"

यावर काय बोलणार? पत्र परत मिळालं. एवढं कोण वाचणार, असा शेरा तोंडी.

तिसऱ्या खेपेला साहेब ट्रेनिंगला. चौथ्या खेपेला त्या मुलानेच बिल माझ्याकडे वळवून एका शब्दावर बोट ठेवलं. विकणाऱ्याने वर्णनात 'टॉय' लिहिलं होतं. नेमका शब्द छापायचा कंटाळा त्यांनी केला आणि माझ्या तीन रजा गेल्या. त्या रात्री मेल केला, दुसऱ्या दिवशी दुरुस्त बिल आलं: 'प्रौढांसाठी लाकडी हौशी संच'. सोबत नवं पत्र, पाच ओळींचं. नग एक, स्वतःसाठी, विक्रीसाठी नाही, वय १४+, व्याख्येनुसार खेळणं नाही. झाकणाचा रंगीत फोटो जोडला. पार्सल सुटलं. ड्युटी किती भरली ते हिला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा मागवायच्या आधीच विकणाऱ्याला विचारा, बिलावर काय लिहिणार. बाकी सगळं नंतर.

बांधणीचं फार सांगत नाही. कण्यावर आडव्या फासळ्या उभ्या करायच्या, त्यावर पट्ट्या बसवायच्या. पट्टी गरम पाण्यात भिजवून नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, वळवायची. आमच्या डोंबिवलीत पावसाळ्यात फेव्हिकॉल लवकर वाळत नाही, म्हणून रात्री लावून सकाळपर्यंत विसरायचं. एकाच बाजूने पट्ट्या लावत सुटू नका, सांगाडा पिळवटतो. डावी एक, उजवी एक. मी पहिल्या सहा एकाच बाजूला लावल्या आणि सोडवल्या.

प्रवासाचं मात्र सांगायला हवं. माझं ऑडिटचं काम, महिन्याला एक फेरी सोलापूर, लातूर, नांदेड. जहाज नेता येत नाही, पण जहाजाचे सुटे भाग नेता येतात. मसाल्याच्या जुन्या स्टीलच्या डब्यात सात वाट्या असतात. एकीत कप्प्या, एकीत तोफांचे गाडे, एकीत तीन भोकांच्या लाकडी चकत्या. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर या चकत्यांत ओवतात. बाकीच्या वाट्यांत दोरा, चिमटा, मेणाचा तुकडा. दोऱ्यावरून मेण फिरवलं की तंतू बसतात. रेल्वेत फक्त गाठी मारायच्या, कापाकापी नाही. सोलापूरच्या लॉजमध्ये ट्यूबलाइट अंधूक होती, तेव्हापासून डोक्याला बांधायचा दिवा नेतो. वेटर चहा ठेवून बराच वेळ बघत उभा होता.

विमानाने जात असाल तर पातं हातातल्या बॅगेत ठेवू नका. माझं बारीक पात्यांचं पाकीट सुरक्षा तपासणीत गेलं ते गेलंच. पाती चेक-इन सामानात टाका. थिनर आणि त्यातले रंग कुठल्याच बॅगेत नाहीत, ते घरीच. डबा मात्र उघडून दाखवावा लागतो. त्या बाईंनी तोफेचा नखाएवढा गाडा बोटावर घेतला, शेजारणीला दाखवला आणि मग जाऊ दिलं. त्यांनी खेळणं आहे का असं विचारलं नाही, हे मी हिला दोनदा सांगितलं.

आता चकत्यांच्या बारा जोड्यांपैकी आठ ओवून झाल्या आहेत. उरलेल्या चार लातूरच्या फेरीत होतील.