बोट दुमडून

जपानात राहून विस्टेरिया, म्हणजे तो जांभळ्या घोसांचा फुलवेल, बघितला नाही असं कसं, म्हणून गोल्डन वीकमधे, एप्रिल-मेच्या जोडसुट्ट्यांत, आख्खं टोकियो जिथे जातं तिथेच आम्हीपण गेलो, तोचिगीतल्या आशिकागा फ्लॉवर पार्कला. टोकियोतल्या निशिकासाईहून निघायचं, ओयामाला गाडी बदलायची, पुढे र्‍योमो लाईनवर बागेच्याच नावाचं स्टेशन आहे, २०१८ मधे काढलेलं. बागेचं तिकीट मात्र रोज वेगळं, फुलं किती उमललीत ते बघून त्या त्या सकाळी दर ठरतो. नवऱ्याला मंडईच आठवली, फक्त इथे सगळं उलटं, आवक वाढली की भाव वाढतो.

आत तो मोठा वेल आहे. वय १६०च्या आसपास सांगतात, आणि एका खोडावरचा मांडव हजार चौरस मीटर, म्हणजे आमच्यासारखे वीस तरी फ्लॅट खाली आरामात मावतील. जांभळे घोस डोक्यापर्यंत लोंबलेले, घोस वरून खाली उमलत जातो त्यामुळे शेंड्याला अजून कळ्याच. वास गोडसर. आणि भुंगे, हे एवढाले काळे-पिवळे! लेक घाबरून माझ्यामागे लपली, मी तिला म्हटलं अगं ते नर असतात घिरट्या घालणारे, त्यांना नांगीच नसते. तिला काही पटलं नाही.

आता एवढ्या गर्दीत प्रत्येकाचं बोट वर. आजोबांचं वर, पोरांचं वर, ते बघ ते बघ चाललेलं. मीही लेकीला एक लांबलचक घोस दाखवायला हात वर केला आणि बघते तर बोट दुमडलेलं. पेर पुढे करून दाखवतेय!

ज्यांच्या परसात मांडव होता त्यांना सांगायला नको. आमच्या कोकणातल्या घरी विहिरीकडच्या बाजूला आजीचा मांडव असायचा, पावसाच्या तोंडावर मेढी पुरायच्या, वर बांबू, सुंभाने बांधायचे, त्यावर काकडी, पडवळ, दुधी, घेवडा, सगळं एकात एक. खाली हिरवा उजेड आणि पायाला चिखल. करंगळीएवढा दुधी लागलेला, फूल अजून तोंडाशी चिकटलेलं, तो दिसला की ओरडून बोट दाखवायचा मोह कुणाला होत नाही? की बसलाच हातावर फटका. "बोट नको दाखवूस गो, कुजेल तो!" दाखवायचंच तर दुमडून दाखव. आणि खरंच एखादा कोवळा दुधी पिवळा पडून गळायचा, मग चौकशी बसायची, काल इथे कोण उभं होतं? चुलतभावावर आळ घेऊन मी कितीदा सुटलेय.

नवरा पुण्याचा. त्याला हे काहीच माहीत नाही. तो म्हणाला, अगं इथे हजारो लोक रोज बोटं दाखवतायत, काय झालं वेलाला? बरोबर आहे. शिवाय या वेलाने बोटांपेक्षा बरंच काही सोसलंय. १९९६ मधे त्याला वीसेक किलोमीटरवरून उचलून इथे आणला. एवढा मोठा वेल हलवायला कुणी तयारच होईना, शेवटी त्सुकामोतो कोनामी या बाईंनी अंगावर घेतलं, जपानमधल्या पहिल्या महिला वृक्षवैद्य. दोन वर्षं तयारी केली आणि नाजूक खोडाला इजा होऊ नये म्हणून चक्क प्लास्टर घातलं.

विस्टेरिया आपल्या वाल-घेवड्याच्याच कुळातला बरं का. मखमली शेंगा धरतात, पण विषारी, खायच्या नाहीत. त्यात वेलाची ताकद जाऊ नये म्हणून माळी सुकलेले घोस आधीच काढून टाकतात. आजी असती तर म्हणाली असती, शेंगा नाहीत तर एवढा मांडव घातलाय कशाला. जांभळं सॉफ्टी आइस्क्रीम मात्र तिने खाल्लं असतं. आम्ही खाल्लं. ठीक होतं.

परतताना खिडकीतून डोंगरावर मधेमधे जांभळे पट्टे दिसत होते, रानातला विस्टेरिया. मी अर्थातच खूश, फोन बाहेर. नवऱ्याच्या ऑफिसमधले एक जपानी गृहस्थ मागे म्हणाले होते की तो दिसला की त्यांना वाईट वाटतं. रान राखणारी माणसं आधी हे वेल वेळच्या वेळी तोडायची, नाहीतर तो लाकडाच्या झाडांना पिळे घालून आवळतो, झाड मरतं. आता गावात म्हातारे तेवढे उरलेत, कोयता घेऊन वर चढणार कोण? जिथे जास्त जांभळं, तिथे कुणी जात नाही असं समजायचं.

आमच्या परसातही आता रानच आहे. मेढी कधीच कुजल्या. यंदा पावसाच्या आधी मांडव घाल म्हणून काकाला फोन करावा असं फार मनात आलं, पण तो काय म्हणणार ते मला माहितीये, ये आणि घाल तूच.